अठ्ठावीसशे रुपयांचा कागद

मुंबईचा लॅमिंग्टन रोड कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन कित्येक वर्षं लोटली, पण कॉम्प्युटरच्या पार्टसाठी निघालेला माणूस टॅक्सीवाल्याला अजून जुनंच नाव सांगतो. पुण्यात याच कामासाठी पावलं बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीकडे वळतात. अशा बाजारात काचेमागे रचलेले जुने लॅपटॉप सहसा कुणाच्या घरातून आलेले नसतात. बड्या कंपन्यांनी लीजवर घेतलेली मशिन्स तीन-चार वर्षांनी लॉटने बाहेर पडतात, साफसूफ होतात, त्यांना ‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ अशी लेबलं लागतात आणि ती दुकानात येतात. डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक, लेनोवोची थिंकपॅड. झाकणावर कंपनीचा असेट टॅग खरवडून काढल्याचा चौकोनी डाग दिसला की मशीन कुठून आलंय ते कळतं.

या मालाला अलीकडे आणखी एक वाट फुटली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायचं तर इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट मशिन्सही ऑफिसांना नकोशी झाली. सातव्या पिढीचा लॅपटॉप कुणी फारच स्वस्तात देऊ लागलं, तर त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

भाव ठरतो. बॅग आणि माऊस घासाघीस करून पदरात पडतात. पैसे देता देता दुकानदार म्हणतो, “सर, अठ्ठावीसशे वर टाका, वर्षभर बघायला नको.” ऑनलाइन खरेदीत हेच वाक्य एका छोट्या चौकोनाच्या रूपाने येतं, आणि कधी कधी त्यात बरोबरची खूण आधीच केलेली असते. गिऱ्हाईक या क्षणी सर्वांत हळवं असतं. बावीस-चोवीस हजार नुकतेच हातचे गेलेले असतात, आणि वस्तू आपण वापरलेली नसते, दुसऱ्या कुणीतरी वापरलेली असते.

दुकानदार ज्याला वॉरंटी म्हणतो ती तीन ठिकाणांहून येऊ शकते. पहिली मूळ कंपनीची, उरलीसुरली. ऑफिससाठीच्या लॅपटॉपवर तीन वर्षांची वॉरंटी घेण्याची रीत आहे, आणि मशीन मुदतीआधी विकलं गेलं तर तिचे काही महिने शिल्लक असू शकतात. ती मालकाच्या नावापेक्षा मशीनच्या क्रमांकाला बांधलेली असते. डेलच्या पोटाखाली सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो, लेनोवो-एचपीला सीरियल नंबर. तो कंपनीच्या साइटवर टाकला की मुदत समोर येते. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनापेक्षा हा अर्ध्या मिनिटाचा उद्योग बरा. डेलच्या बाबतीत जुन्या मालकाकडून आपल्या नावावर नोंद बदलून घेण्याचीही सोय आहे, आणि ती वेळेत केलेली बरी. बॅटरीला मात्र बहुधा वर्षभराचीच वॉरंटी असते, मग मशीनला तीन वर्षांची का असेना.

दुसरी वॉरंटी दुकानाची. सात दिवसांची ‘चेकिंग वॉरंटी’ ते सहा महिने, वर्ष, दुकानदाराच्या ऐपतीप्रमाणे आणि मालाप्रमाणे. तिसरी म्हणजे तो अठ्ठावीसशेचा कागद. ही योजना बाहेरच्या कुठल्यातरी फर्मची असते. दुकानदार फक्त विकतो आणि त्यावर कमिशन घेतो.

दुसरीत आणि तिसरीत फरक काय, याचं सर्वांत चांगलं उत्तर एका अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली देऊन ठेवलंय, आणि त्याचा भारताशी जवळचा संबंध आहे. जॉर्ज अकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. जुन्या मोटारींच्या बाजारावरचा त्यांचा निबंध अनेक नियतकालिकांनी परत पाठवला, एकाने तर विषय क्षुल्लक आहे म्हणून. पुढे तो ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये छापून आला आणि २००१ साली अकरलॉफना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल मिळालं. निबंधातला मुद्दा असा: गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरासरी भावच देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि वाईट उरतात. याच निबंधात अकरलॉफ बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे खडे निवडत बसलेल्या भारतीय गृहिणीचं उदाहरण देतात. ते त्यांनी दिल्लीत पाहिलं असणार, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

या कोंडीतून सुटण्याचे जे मार्ग निबंधात सुचवलेत, त्यांतला एक म्हणजे विक्रेत्याने दिलेली हमी. इथेच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. दुकानदाराने स्वतःच्या खिशातून दिलेली सहा महिन्यांची वॉरंटी ही त्या मशीनबद्दलची बातमी असते. बोर्ड एकदा उघडून दुरुस्त केलेलं मशीन असेल तर सहा महिने पदरचा खर्च करायची त्याची तयारी नसते. याउलट तिऱ्हाइताची विकतची वॉरंटी चांगल्या मशीनवरही मिळते आणि वाईट मशीनवरही, त्याच भावात. तिच्यातून मशीनबद्दल काहीच कळत नाही. म्हणून काउंटरवर एक साधा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे: “बाहेरची नको. हजार रुपये जास्त घ्या आणि तुमच्या लेटरहेडवर सहा महिन्यांची द्या.” यावर दुकानदार चटकन हो म्हणतो की विषय बदलतो, ते नीट बघावं. विषय बदलला तर दुसरं मशीन दाखवायला सांगावं.

तिसऱ्या फर्मचीही एक अडचण आहे, आणि ती समजली की त्या योजनांची बारीक अक्षरं इतकी कडक का असतात हे कळतं. आपलं मशीन जरा संशयास्पद आहे असं ज्याला वाटतं, तोच जास्त उत्साहाने वॉरंटी घेतो. फर्मला हे ठाऊक असतं. मग ती कुंपणं घालते: पहिले काही दिवस दावा चालणार नाही, आधी फोटो आणि तपासणी, भरपाईला बिलाच्या रकमेची कमाल मर्यादा, आणि त्यातूनही मशीनच्या वयाप्रमाणे घसारा वजा. नव्या लॅपटॉपच्या योजनेत ही कलमं असतातच, जुन्याच्या योजनेत ती जास्त बोचतात, कारण मुळात बिलच चोवीस हजारांचं असतं.

लॅपटॉप बिघडतात तरी किती? स्क्वेअरट्रेड या अमेरिकन कंपनीने २००९ साली ३० हजारांहून अधिक नव्या लॅपटॉपच्या नोंदी तपासून एक अहवाल काढला होता. तीन वर्षांत ३१ टक्के लॅपटॉप निकामी होतात, असा त्यांचा अंदाज होता. आकडा धडकी भरवणारा आहे. पण त्यातले २०.४ टक्के हे आतल्या बिघाडाचे होते आणि बाकीचे १०.६ टक्के पडण्या-सांडण्याचे, म्हणजे साध्या वॉरंटीत न बसणारे. शिवाय स्क्वेअरट्रेडचा धंदाच वॉरंटी विकण्याचा. आकडा लहान दिसावा अशी त्यांची इच्छा असण्याचं कारण नव्हतं. तरीही तोच आकडा धरला, तर आतला बिघाड वर्षाला सातेक टक्के पडतो.

जुन्या मशीनला हाच दर लागू होईल? नाही, आणि फरक दोन्ही दिशांनी पडतो. यंत्रांच्या बिघाडाचा आलेख न्हाणीतल्या टबासारखा असतो, असं अभियंते सांगतात: सुरुवातीला उंच, मध्ये सपाट, शेवटी पुन्हा उंच. कारखान्यातला दोष पहिल्या काही महिन्यांत डोकं वर काढतो, मग बरीच वर्षं शांततेत जातात, आणि पुढे झीज सुरू होते. बॅकब्लेझ या डेटा साठवणाऱ्या कंपनीने २०१३ साली आपल्या हजारो हार्ड डिस्कचा हिशेब जाहीर केला. पहिल्या दीड वर्षात डिस्क बिघडण्याचा दर वर्षाला ५.१ टक्के होता, पुढच्या दीड वर्षात १.४ टक्के, आणि तीन वर्षांनंतर एकदम ११.८ टक्के. त्या डिस्क चोवीस तास फिरणाऱ्या होत्या, आणि आजच्या लॅपटॉपमध्ये फिरती डिस्क जाऊन एसएसडी आली, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. आलेखाचा आकार मात्र ध्यानात ठेवण्याजोगा. जुना लॅपटॉप घेणाऱ्याने लहानपणची दुखणी पहिल्या मालकाच्या खर्चाने पार पाडलेली असतात. म्हातारपण किती जवळ आलंय, हा त्याचा प्रश्न.

आता एक मशीन जवळून पाहू. लेनोवोचा थिंकपॅड टी४८० जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाला आणि जुन्या बाजारात आजही त्याला मान आहे. याला दोन बॅटऱ्या आहेत, एक आत आणि एक मागून काढता येणारी. रॅमचे दोन स्लॉट आहेत, एसएसडी बदलता येते, कीबोर्ड बदलता येतो, आणि कुठला स्क्रू कुठे आहे हे चित्रांसह सांगणारं दुरुस्ती-पुस्तक लेनोवोने स्वतःच फुकट उपलब्ध करून दिलंय. यात जे जे झिजतं ते ते वेगळं मिळतं आणि गल्लीतला कारागीर तासाभरात बसवून देतो. याचं एक प्रसिद्ध दुखणं म्हणजे थंडरबोल्टच्या कंट्रोलरमधलं सदोष फर्मवेअर. ते छोट्या मेमरी चिपवर सतत नोंदी लिहीत राहायचं, आणि ती चिप भरली की यूएसबी-सी पोर्टने चार्जिंगच बंद व्हायचं. लेनोवोने त्यावर फर्मवेअर अपडेट काढला. वेळेत टाकला असेल तर फुकटात सुटका. नसेल तर बोर्ड बदलण्यापर्यंत गोष्ट जाते, किंवा चिप लेव्हलचं काम जाणणारा कारागीर ती मेमरी चिप पुन्हा लिहून देतो. म्हणजे टी४८० घेणाऱ्याने वॉरंटी घ्यायची की नाही यावर विचार करण्याआधी तो अपडेट झालाय का, हे पाहायला हवं. प्रत्येक लोकप्रिय मॉडेलचं असं एखादं ठरलेलं दुखणं असतं, आणि ते सरासरी टक्केवारीपेक्षा महत्त्वाचं ठरतं.

समजा, चोवीस हजारांच्या अशा मशीनवर अठ्ठावीसशेची वर्षाची योजना मिळतेय. हे पुढचे आकडे हिशेब समजावण्यापुरते धरलेत. कीबोर्ड बदलायला दोन हजार, पंखा हजाराच्या आत, बोर्डाचं मोठं काम नऊ हजार. योजनेत बसणाऱ्या बिघाडाचा सरासरी खर्च सढळ हाताने सहा हजार धरू. मशीन जुनं म्हणून सात टक्क्यांऐवजी वीस टक्के शक्यता धरू. तरी सरासरी परतावा येतो बाराशे रुपये. अठ्ठावीसशे वसूल व्हायचे तर बिघाडाची शक्यता निम्म्याच्या जवळ हवी. एका वर्षात बिघडण्याची शक्यता निम्मी आहे असं ज्या मशीनबद्दल वाटतं, ते मुळात घ्यायचंच कशाला?

लोक तरीही घेतात, आणि ते केवळ भोळेपणाने नव्हे. होसे मिगेल अबितो आणि युव्हाल सालंट यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या टीव्ही खरेदीच्या नोंदी तपासल्या. बिघाड प्रत्यक्षात जितका होतो त्याहून पुष्कळ जास्त होईल असं ग्राहक धरून चालतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. ब्रिटनमध्ये विक्रेते या भीतीचा इतका फायदा उठवत होते की २००५ मध्ये तिथे खास आदेश निघाला: वॉरंटीचा भाव वस्तूसोबतच दाखवायचा, आणि ग्राहकाने ४५ दिवसांत रद्द केली तर पूर्ण पैसे परत द्यायचे.

काय वगळलंय, ही बाजू त्याहून मोठी. साध्या वाढीव वॉरंटीत ‘वापरातून झालेला नव्हे, आतून आलेला’ बिघाड बसतो. मग कोकणातल्या दमट हवेने बोर्डावर चढलेला गंज, विदर्भातल्या एखाद्या गावी वीज जाऊन परत येताना बसलेला झटका, कीबोर्डात शिरलेल्या मुंग्या, चहाचा एक घोट, सैल झालेली बिजागरी, स्क्रीनवरचा एखाददुसरा मेलेला ठिपका, फुगलेली बॅटरी, यांतलं बरंचसं वगळलेल्यांच्या यादीत सापडतं. महाराष्ट्रात लॅपटॉप ज्या कारणांनी मरतात त्यांची यादी आणि ही यादी शेजारी ठेवली तर ती बरीच जुळते. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं विकलं जातं, आणि जुन्या मशीनवर ते मिळालंच तर महाग पडतं. डिस्कमधला डेटा तर कुणीच भरून देत नाही. अठ्ठावीसशेत एक बाहेरची डिस्क बऱ्यापैकी भागते. प्रबंधाचं प्रकरण गमावलेल्या विद्यार्थ्याला तीच जास्त उपयोगी.

याचा अर्थ प्रत्येक वेळी नाहीच म्हणावं, असं नाही. मूळ कंपनीची वॉरंटी अजून चालू असेल आणि कंपनी स्वतःच ती वाढवून देत असेल, तर तो सौदा पाहण्यासारखा असतो. तिथे पार्ट अस्सल, माणूस घरी येणारा, आणि दावा नाकारण्यासाठी मधली फर्म नाही. मात्र बहुतेक कंपन्या ही दारं मूळ मुदत संपण्याआधीच उघडी ठेवतात. एकदा खंड पडला की तपासणी, जादा शुल्क किंवा सरळ नकार.

मॅकबुकची गोष्ट निराळी. तिथे रॅम आणि स्टोरेज बोर्डालाच जोडलेलं, त्यामुळे लहानसा बिघाडही मोठ्या बिलात जातो. पण ॲपलचा स्वतःचा संरक्षण प्लॅन भारतात मशीन नवीन घेतल्यापासून ६० दिवसांतच घ्यावा लागतो. जुनं घेणाऱ्याला तो आयता मिळाला तर मिळाला. म्हणून जुन्या मॅकबुकची किंमत ठरवताना शिल्लक प्लॅनला पैशात मोजावं. आठ महिने शिल्लक असलेल्या मशीनला दोन-तीन हजार जास्त देणं शहाणपणाचंच. कधी कधी कंपनीचा दोषच ग्राहकाच्या मदतीला येतो. २०१५ पासून आलेला ॲपलचा बटरफ्लाय कीबोर्ड धुळीच्या कणानेही अडकायचा. जून २०१८ मध्ये कंपनीने पहिल्या विक्रीपासून चार वर्षं मोफत दुरुस्ती जाहीर केली, आणि ती मशीन कुणाच्याही हातात असलं तरी लागू होती. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात ५ कोटी डॉलरची तडजोड झाली. ती मोफत मुदत आता उलटून गेलीय, पण बटरफ्लाय कीबोर्डची मशिन्स बाजारात अजून फिरताहेत.

आणि माणसागणिक हिशेब बदलतो. पुण्यात आयटीत नोकरी करणाऱ्याला नऊ हजारांचा फटका त्रासदायक, एवढंच. परभणीहून शिकायला आलेल्या मुलीच्या घरी पुढचे नऊ हजार दिवाळीपर्यंत उभे राहणार नसतील आणि लॅपटॉपवाचून परीक्षा अडणार असेल, तर सरासरीत तोट्याचा सौदाही तिला परवडू शकतो. विमा याचसाठी असतो. फक्त मग त्या कागदावर दुरुस्ती किती दिवसांत होणार आणि तोवर दुसरं मशीन मिळणार का, हे लिहिलेलं असावं. दुरुस्तीला लागणाऱ्या वेळेबद्दल कागद गप्प असेल तर तिच्यासाठी तो निरुपयोगी.

पैसे न देता मिळणारं एक संरक्षण मात्र लोक विसरतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी कितीही ठळक असली तरी सदोष मालाच्या बाबतीत विक्रेता तिच्यामागे लपू शकत नाही. आता तक्रार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही करता येते, म्हणजे दिल्लीच्या विक्रेत्याविरुद्ध साताऱ्यात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. हे सगळं उभं राहतं ते पक्क्या बिलावर. कच्च्या चिठ्ठीत हजार-दीड हजार वाचतात, पण सीरियल नंबर नसलेल्या चिठ्ठीवर ना कायदा चालतो, ना विकतची वॉरंटी.

त्या ३० दिवसांत मशीनला राबवायला हवं. विंडोज स्वतःच बॅटरीचा अहवाल काढून देतं. मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी दिसते, आणि साठ टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च भावात धरावा. एसएसडीचं आरोग्य दाखवणारी फुकट साधनं आहेत. सगळे पोर्ट, कॅमेरा, माइक, आणि चार्जिंगवर दोन तास व्हिडिओ चालवून पंख्याचा आवाज. शेवटचं आणि बहुतेकांच्या ध्यानात न येणारं काम म्हणजे नेट जोडून विंडोज कोरं पुन्हा टाकून बघणं. कंपनीच्या लॉटमधून आलेलं मशीन तिच्या यादीतून काढायचं राहिलं असेल, तर सुरू होताना ते जुन्या कंपनीचा लॉगिन मागतं किंवा बायोसमध्येच कुलूप निघतं. हा बिघाड नव्हे, म्हणून कुठलीही वॉरंटी, विकतची किंवा फुकटची, त्याला लागू होत नाही. बिल घेऊन दुकानात परत जायचं आणि मशीन बदलून मागायचं.